सवाईला जाऊ या, निवांत जाऊ या

या कार्यक्रमात आम्ही एरवी पापड-मसाल्याच्या विक्रीचं, बँकेच्या हप्त्याचं, नाहीतर हिशेबाच्या वहीचं बोलतो. आज गाण्याचं बोलणार आहोत. म्हणजे गाण्याबद्दल थोडं आणि गाण्याला जाण्याबद्दल जास्त.

आपले बचत गट सहलीला जातात, नाही असं नाही. नरसोबाची वाडी झाली, जोतिबा झाला, खिद्रापूर झालं, वर्षाआड पंढरपूर झालं. देवाला जाते म्हटलं की घरात कोणी 'कशाला' म्हणत नाही. पण "पुण्याला गाणं ऐकायला जाणार" असं सांगून बघा. लगेच प्रश्न येतात. गाणं कसलं? किती वाजता संपतं? बरोबर कोण आहे? आणि हमखास एक वाक्य, "मोबाइलवर लागतंय की सगळं!"

आमच्या गटातल्या नऊ जणी गेल्या डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाऊन आल्या. त्यातल्या सहा जणी लग्न, बाळंतपण किंवा मयत सोडून परगावी कधी रात्रभर राहिलेल्या नव्हत्या. परत आल्यावर इतर गटांतून फोन यायला लागले, "तुम्ही कसं जमवलं?" ते कसं जमवलं, हेच आज सांगतो.

आधी एवढं लक्षात घ्या, की हे गाणं आपल्याला परकं नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ आपल्या शेजारी मिरजेत राहायचे. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, पण त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. गुरू १९५२ साली गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या नावाने पुण्यात हा महोत्सव सुरू केला. म्हणजे मिरजेहून निघालेली वाट कुंदगोळवरून पुण्याला पोचली. त्या वाटेवर बायकाही आहेत. अब्दुल करीम खाँची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मली. घरंदाज बाईने तिकीट लावून लोकांसमोर गाणं लोकांना चालत नव्हतं, त्या काळात ती जाहीर मैफलीत बसून गायली. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. त्यांनी गाण्यासाठी प्रवास केला, आपण ऐकण्यासाठी करायचा. एवढाच फरक.

आता तयारी. पहिली तयारी पैशाची. एक नियम आम्ही ठरावात लिहूनच टाकला आहे. सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही आणि अंतर्गत कर्जही घ्यायचं नाही. त्यासाठी वेगळी पेटी. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत महिना २०० रुपये टाकले, की सहा महिन्यांत १२०० रुपये होतात. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजींना तर तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. महोत्सवाला पूर्ण सोहळ्याचं तिकीट असतं तसं एकेका दिवसाचंही असतं. खुर्चीपेक्षा भारतीय बैठक, म्हणजे खाली बसून ऐकायची जागा, बरीच स्वस्त पडते. आपल्याला एकच दिवस जायचं आहे, तेव्हा त्या दिवसाचं तिकीट पुरे. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पैसे वाचवायला बैठकीत बसू नये. पाच-सहा तास मांडी घालून बसायचं असतं. पेटीतून त्यांच्या खुर्चीचा वरचा पैसा गटाने भरावा. आम्ही दोघींचा भरला, आणि कोणी कुरकुर केली नाही.

दुसरी तयारी जायची. हा महोत्सव आधी बरीच वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा. २०१८ पासून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. आपल्याला ही सोयच झाली, कारण मुकुंदनगर स्वारगेटच्या जवळ आहे. एसटी स्वारगेटला सोडते आणि तिथून रिक्षाने काही मिनिटांत मैदान. रेल्वेने जायचं तर पुणे स्टेशनवर उतरावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे, पण गुडघेदुखीच्या बाईला जिने-फलाट करत बसण्यापेक्षा एसटी बरी, असं आमचं मत झालं. रेल्वेच घ्यायची असेल, तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. महोत्सवाच्या तारखा कळल्या की लगेच बसा.

निघायचं सकाळी लवकर. पुणं आपल्यापासून जवळजवळ अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. कार्यक्रम दुपारी सुरू होतो. दुपारी १ पर्यंत स्वारगेटला पोचलो, तर हातपाय धुऊन, जेवून, निवांत आत जाता येतं. धावतपळत पोचलेल्या बाईचा पहिला तास दम टाकण्यात जातो आणि दुसरा डुलक्या काढण्यात.

तिसरी तयारी परतीची. घरचे लोक खरे घाबरतात ते इथे, आणि ते घाबरतात त्यात काही चूक नाही. उघड्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते. त्यामुळे ज्या दिवशी कार्यक्रम १० ला संपतो तोच दिवस निवडायचा, १२ चा नाही. पण १० ला संपला तरी साडेदहा-अकराची बस पकडली, तर ती जयसिंगपूरला पहाटे काळोखात आणून सोडते. स्टँडवरून आपापल्या गल्लीत एकटीने जायचं? नाही. दोनच रस्ते. एक म्हणजे रात्री पुण्यातच मुक्काम, नात्यातलं कोणाचं घर नाहीतर आधी बोलून ठेवलेलं कार्यालय. नाहीतर पहाटे उतरून सगळ्या जणी स्टँडजवळच्या एकीच्या घरी. तिथे चहा घ्यायचा आणि उजाडल्यावरच पांगायचं. आम्ही दुसरा रस्ता घेतला. घरच्यांना आधीच लिहून दिलं होतं, की सकाळी ७ पर्यंत आम्ही अमक्या घरी आहोत. त्या एका चिठ्ठीने अर्धी भांडणं मिटली.

खासगी गाडी करणार असाल तर आणखी एक. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे उसाचा हंगाम. रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, एकामागे दोन-दोन, कितीएकांना मागे दिवा नाही. दिवसभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला घेऊन रात्री त्या रस्त्याने परतू नका. चार पैसे वाचतात, पण जिवाशी खेळ होतो.

चौथी तयारी अंगावरची आणि पिशवीतली. डिसेंबरात पुण्याची रात्र आपल्यापेक्षा गार असते. मांडव असला तरी बाजूंनी वारा येतो. स्वेटर, कानाला स्कार्फ, पायात मोजे. खाली बसणाऱ्यांनी एक जाड चटई आणि पाठीला छोटी उशी. चपला ठेवायला कापडी पिशवी, म्हणजे निघताना शोधाशोध नाही. दागिने घरी. गर्दीत गळ्यावर हात ठेवून बसलेल्या बाईला गाणं काय ऐकू येणार? पैसे दोन ठिकाणी ठेवा, थोडे पर्समध्ये, थोडे आत. मोबाइलची बॅटरी संपते, गर्दीत रेंज जाते, म्हणून चार नंबर कागदावर लिहून प्रत्येकीच्या पर्समध्ये. त्यात ११२ आणि १०८ हेही लिहा.

आता जे कोणी मोठ्याने बोलत नाही ते बोलू. बाहेर जायचं म्हटलं की आपण बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडतो, कारण मुतारी कुठे मिळेल, कशी असेल याची धास्ती. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि आठ दिवस औषध. हे करू नका. मैदानात गेल्यावर पहिलं काम स्वच्छतागृह कुठे आहे ते बघणं. जागा धरायची ती त्या बाजूच्या कडेला, मधोमध नाही. एक कलाकार संपून दुसरा बसेपर्यंत सगळे एकदम उठतात आणि रांग लागते. त्याच्या थोडं आधी, एक चीज संपून टाळ्या पडताना उठायचं. गाणं चालू असताना उठू नये, ते गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही लागतं. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान बरोबर असू द्या, आपल्याला नाही लागलं तर दुसरीला लागेल.

साखरेच्या पेशंट बायकांनी जेवणाची वेळ चुकवायची नाही. आत खाण्याचे स्टॉल असतात, पण मोकळ्या वेळात तिथेही गर्दी. गोळी, बिस्किटाचा पुडा, दशमी किंवा चपाती-चटणी पिशवीत हवी. आमच्यातल्या एका मावशींना सात वाजता खायचं असतं. त्यांच्या शेजारी बसणारीने घड्याळ बघायचं, असं ठरलं होतं.

गर्दीचं एकच सांगतो. २००५ साली वाईजवळ मांढरदेवीला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. चेंगराचेंगरी होते ती अरुंद वाटेवर, जिथे पुढच्यांना हलता येत नाही आणि मागचे रेटत राहतात. संगीत महोत्सवाची गर्दी शांत असते, तरी सवय एकच ठेवा. संपल्यावर दहा मिनिटं बसून राहायचं. दोघी-दोघींच्या जोड्या आणि हरवलं तर भेटायची एक जागा दिवसाउजेडीच ठरवायची. आम्ही फाटकाच्या आत एक खांब ठरवला होता. दोनदा उपयोग झाला.

आता सगळ्यांत अवघड तयारी. घरची. ती जून महिन्यातच सुरू करावी लागते. आदल्या दिवशी सांगितलं की ते भांडण होतं, सहा महिने आधी सांगितलं की तो बेत होतो. आम्ही 'जाऊ का' असं विचारलं नाही. 'अमुक तारखेला जाणार आहे, त्या दिवशी स्वयंपाकाचं असं, जनावरांचं तसं, पोरांच्या शाळेचं असं' एवढं मांडलं. ज्या घरात प्रश्न अडला, तिथे गटाने हात दिला. आमच्या एका ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. ताई म्हणाल्या, माझं नाव कापा. गटाने नाव कापलं नाही. न जाणाऱ्या दोघींनी दिवस वाटून घेतला, एकीने सकाळ, एकीने रात्र. एकीने तर तिथेच अंथरूण टाकलं. त्यांचं ऋण आम्ही पैशाने फेडणार नाही. नियमच केला आहे, यंदा ज्यांनी घर सांभाळलं त्यांची नावं पुढच्या वर्षी यादीत पहिली. ही पाळी बांधून घेतली नाही, तर दर वर्षी त्याच त्या मोकळ्या बायका जातात आणि अडकलेल्या अडकूनच राहतात. मग तो गट कसला?

ज्यांना पुणं लांब वाटतं त्यांनी मिरजेपासून सुरुवात करा. नवरात्रात मिरजेच्या अंबाबाई मंदिरात संध्याकाळी शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो. दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, चिंचेच्या झाडाखाली, उघड्यावर, विनातिकीट. उरसाची तारीख चांद्र महिन्यावर असते, दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते, म्हणून आधी चौकशी करा. इथून अर्ध्या तासाची वाट. दोन तास ऐकलं, घरी आलो. जोड्या, चिठ्ठी, पाण्याची बाटली, सगळ्याची तालीम तिथे होऊन जाते. घरच्यांचीही होते. बाई गाण्याला गेली आणि घर जागच्या जागी राहिलं, हे एकदा बघितलं की पुढचं सोपं.

आणि शेवटचं. बऱ्याच जणी म्हणतात, आम्हाला रागातलं काय कळतंय? आमच्या नऊ जणींतही कोणाला कळत नव्हतं. पण रोज पहाटे पाण्याच्या मोटरचा आणि संध्याकाळी टीव्हीचा आवाज ऐकणाऱ्या कानाला पहिला तानपुरा ऐकूनच बरं वाटलं. त्यातल्या एकजण, वय साठीच्या पुढे, तीन तास हललीसुद्धा नाही. नंतर म्हणाली, "आज दिवसभरात मला कोणी हाक मारली नाही गं." ती हे तक्रार म्हणून नव्हती सांगत, समाधानाने सांगत होती. एवढं ऐकलं आणि आम्हाला वाटलं, सहा महिन्यांची पेटी वसूल झाली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्त्याचा विषय संपला की हा विषय घ्या. इतिवृत्तात लिहा. पेटी कोणाकडे, तारीख कोण काढणार, कोण जाणार आणि यंदा कोण घर सांभाळणार, चार ओळींचा ठराव करा. बाकीचं आपोआप सुचत जातं.