न विचारता बांधलेला विमानतळ

(ग्रामसभा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या पाड्यांतून कुणी येऊ शकलं नाही, त्यांनी आपल्या बैठकीत हा वाचून दाखवावा.)



आज आम्ही जपान देशातल्या एका विमानतळाबद्दल बोलणार आहोत. हे सांगितल्यावर काही जण हसले. आपल्याकडे एसटी दिवसातून एकदा येते, पावसात तीही बंद पडते, मग विमानतळाची गोष्ट कशाला? ही गोष्ट विमानांची कमी आणि शेतजमिनीची जास्त आहे, म्हणून. आपल्यातल्या काही पाड्यांत मोजणीच्या नोटिसा आल्या आहेत. त्या पाड्यांनी तर ही नीट ऐकावी.

त्या विमानतळाचं नाव नारिता. जपानची राजधानी टोकियो, तिथून साठेक किलोमीटरवर तो आहे. १९९७ मध्ये टोकियोला परदेशातून येणारी जवळपास सगळी विमानं तिथंच उतरायची.

जमीन कुणाची होती

नारिता शहराजवळ सानरिझुका नावाचा भाग आहे. उंचावरचा सपाट माळ. आजूबाजूची काही गावं फार जुनी. माळावर राजघराण्याचं मोठं कुरण होतं. १९४५ मध्ये जपान महायुद्ध हरला. देशात खायला नव्हतं. जिंकलेला मुलूख सोडून लाखो माणसं परत आली, त्यांना घर नव्हतं, जमीन नव्हती. तेव्हा सरकारनं कुरणाचा काही भाग अशा माणसांना फोडायला दिला. त्यांनी झोपड्या बांधल्या, झाडांची खोडं खणून काढली, कुदळीनं माती फोडली. वीस वर्षं राबून तिथं भुईमूग, रताळी, भाजीपाला पिकू लागला. पुढं सरकारचीच माणसं सांगून गेली की तुती लावा, रेशीम काढा, तुमचं भलं होईल. लोकांनी तुती लावली.

जंगलाची जमीन घामानं लागवडीला आणणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको.

ठरलं कसं

टोकियोचा जुना विमानतळ हानेदा. तो समुद्राच्या काठाला आहे. १९६० नंतर जेट विमानं वाढली आणि तो अपुरा पडू लागला. नवा मोठा विमानतळ पाहिजे होता, हे खोटं नव्हतं. प्रश्न होता, कुठं आणि कुणाला विचारून.

१९६५ मध्ये सरकारनं आधी तोमिसातो नावाची जागा ठरवली. तिथल्या शेतकऱ्यांनी एवढा विरोध केला की सरकारला मागं सरावं लागलं. पण सरकार त्यातून शिकलं काय? लोकांना विचारायला शिकलं नाही, गुपचूप ठरवायला शिकलं. १९६६ च्या जूनमध्ये पंतप्रधान सातो आणि चिबा प्रांताचे गव्हर्नर तोमोनो यांनी आपसात बोलून सानरिझुका ठरवलं. ४ जुलै १९६६ ला मंत्रिमंडळानं शिक्का मारला. जागा सुमारे १,०६५ हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकरांहून जास्त. कारण असं दिलं की, राजघराण्याचं कुरण आहे, सरकारी जमीन आहे, बाकी थोड्याच शेतकऱ्यांना हलवावं लागेल.

त्या शेतकऱ्यांना ही गोष्ट कळली ती रेडिओ, टीव्ही आणि पेपरातून. शेतात काम करून घरी आले आणि ऐकलं की आपलं गाव जाणार.

“सरकारी जमीन आहे” हे वाक्य आपणही ऐकलेलं आहे. एकसाली प्लॉट असो, की आजोबानं राब भाजून काढलेली वरकस असो, कागदावर ती सरकारची. त्यामुळं तिथं राहणारी माणसं मोजणीतच धरत नाहीत. जपानात तर शेतकऱ्यांकडं कागद होते, सरकारनंच दिलेले. तरी त्यांना कुणी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नारिता शहराच्या आणि शिबायामा गावच्या निवडून आलेल्या सभांनी आधी विमानतळाच्या विरोधात ठराव केले. त्याच वर्षात दोन्ही सभांनी आपले ठराव फिरवले. वरून दाब आला, रस्ते आणि पैसा मिळेल असं सांगण्यात आलं, आणि निवडून दिलेली माणसं वाकली. शेतकरी एकटे पडले.

लढा कसा झाला

शेतकऱ्यांनी १९६६ मध्येच विरोध समिती उभी केली. पुढारी होते तोमुरा इस्साकु. ते शेतीच्या अवजारांचं दुकान चालवायचे आणि मूर्ती घडवायचे. समितीत प्रत्येकाची वेगळी तुकडी होती. बायांची तुकडी, तरुणांची, म्हाताऱ्यांची, आणि शाळेतल्या पोरांचीसुद्धा. मोर्चाच्या दिवशी पोरं शाळा सोडून यायची.

त्यांनी एक युक्ती केली. विमानतळाच्या जागेतल्या काही जमिनीचे बारीक तुकडे करून ते देशभरातल्या माणसांच्या नावावर चढवले. एक तुकडा एक त्सुबो, म्हणजे ३.३ चौरस मीटर. दोन चटया पसरल्या की संपला. आता जमीन घ्यायची तर सरकारनं एकेका मालकाला शोधायचं, नोटीस द्यायची, सुनावणी घ्यायची. ही युक्ती आपल्याला चालणार नाही, कारण आदिवासीची जमीन परस्पर बिगर-आदिवासीच्या नावावर चढवायला आपल्याकडं कायद्यानं बंदी आहे, आणि ती बंदी आपल्यासाठी चांगली आहे. पण त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. कागदाशी लढायला कागद लागतो.

१० ऑक्टोबर १९६७ ला सरकारनं दंगल-पोलीस आणून मोजणी सुरू केली. पुढं टोकियोहून विद्यार्थी आले, शेतकऱ्यांच्या बरोबर उभे राहिले. १९७१ च्या फेब्रुवारीत सक्तीनं जमीन घ्यायला सुरुवात झाली. बायांनी स्वतःला साखळीनं झाडांना बांधून घेतलं. माणसं जमिनीखाली भुयारं खणून त्यात बसली. म्हाताऱ्यांनी पोलिसांच्या अंगावर मैला उडवला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा सक्ती झाली. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरातून उचलून बाहेर काढलं आणि घर पाडलं. गावातल्या एका तरुणानं त्यानंतर फाशी घेतली.

पोलीसही मेले. १६ सप्टेंबर १९७१ ला एका चौकात हाणामारीत तीन पोलिसांचा जीव गेला. तीही कुणाची तरी पोरं होती. पुढच्या वर्षांत दोन्ही बाजूंची आणखी माणसं गेली. लढ्याची गोष्ट सांगताना हे लपवायचं नाही. मारामारीत रक्त सांडलं की, जमीन कुणाची हा मूळ प्रश्न मागं पडतो आणि कुणी कुणाला मारलं एवढंच पेपरात उरतं.

अर्धा विमानतळ

विमानतळात तीन धावपट्ट्या होणार होत्या. पहिली ४,००० मीटरची. ती बांधून झाली तरी विमान उडेना, कारण शेतकऱ्यांनी धावपट्टीच्या तोंडाशी साठ मीटरहून उंच लोखंडी मनोरा उभा केला होता. १९७७ च्या मे महिन्यात सरकारनं तो पाडला. उद्‌घाटन ठरलं ३० मार्च १९७८ ला. त्याआधी चार दिवस काही कार्यकर्ते गटारातून आत शिरले, विमानांना दिशा देणाऱ्या मनोऱ्यात घुसले आणि यंत्रं फोडली. उद्‌घाटन लांबलं. शेवटी २० मे १९७८ ला विमानतळ सुरू झाला, हजारो पोलिसांच्या पहाऱ्यात. मंत्रिमंडळाच्या निर्णयाला तेव्हा जवळजवळ बारा वर्षं झाली होती.

सुरू झाला तोही एकाच धावपट्टीवर. विमानाच्या इंधनाची नळवाहिनी वेळेत झाली नाही, म्हणून १९८३ पर्यंत इंधन रेल्वेनं आणावं लागलं. विमानतळाखाली रेल्वे स्टेशनचा सांगाडा बांधून ठेवला होता, तिथं पहिली गाडी आली १९९१ मध्ये. १९९७ मध्ये रात्री अकरा ते सकाळी सहा विमानं बंद असायची. तेव्हाही आत शिरताना प्रत्येकाला ओळखीचा कागद दाखवावा लागायचा. ही १९९७ सालची स्थिती. एवढा श्रीमंत, एवढा हुशार देश, आणि त्याच्या मुख्य विमानतळाला एकतीस वर्षांनंतरही एकच धावपट्टी होती. दुसऱ्या धावपट्टीच्या जागेत तेव्हाही शेतकरी राहत होते, भाजी पिकवत होते.

पण शेतकरी जिंकले असंही आम्ही म्हणणार नाही. बहुतेक घरांनी जमिनी विकल्या. १९६८ मध्येच काही गटांनी अटी घालून जमीन द्यायचं कबूल केलं होतं. गावात दोन तट पडले, सख्ख्या नात्यांत बोलणं बंद झालं. १९८३ मध्ये खुद्द समिती फुटली. एक-त्सुबो जमिनीचं पुढं काय करायचं, बाहेरून आलेल्या गटांचं किती ऐकायचं, यावरून फुटली. मदतीला आलेले गट एकमेकांवर हात उचलू लागले.

माफी

शेवटी सरकारला कळलं की पोलीस घालून दुसरी धावपट्टी होणार नाही. १९९१ च्या नोव्हेंबरपासून उघड सभा सुरू झाल्या. मधे बसले सुमिया मिकिओ आणि त्यांच्या बरोबरचे विद्वान, एका बाजूला सरकारची माणसं, दुसऱ्या बाजूला समितीचा एक गट. बाकीचे गट आले नाहीत. बंद खोलीत नाही, सगळ्यांसमोर बोलणी झाली. १९९१ मध्येच सरकारनं शब्द दिला होता की यापुढं जबरदस्ती करणार नाही. १९९३ मध्ये सक्तीच्या संपादनाचे अर्ज मागं घेतले. १९९४ पर्यंत बोलणी चालली आणि ठरलं की पुढचं बांधकाम लोकांशी बोलूनच होईल. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली.

सरकारनं माफी मागितली, ही लहान गोष्ट नाही. पण बघा, ती किती उशिरा आली. मेलेली माणसं परत आली नाहीत. कुदळीनं फोडलेली जमीन आता सिमेंटखाली आहे. १९९१ मध्ये जे सगळ्यांसमोर बसून बोलले, तेच १९६६ मध्ये बोलले असते तर? विमानतळ कदाचित दुसरीकडं झाला असता, कदाचित तिथंच लहान झाला असता. पण एवढी माणसं मेली नसती, आणि सरकारचीही एवढी वर्षं वाया गेली नसती. न विचारल्यामुळं दोघांचंही नुकसान झालं.

आपण काय करायचं

२४ डिसेंबर १९९६ ला पंचायतीचा एक कायदा झाला. तो आपल्यासारख्या अनुसूचित भागासाठी आहे. त्यात लिहिलंय की, विकासाच्या कामासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय केला पाहिजे. राज्यांना आपले कायदे वर्षभरात त्याला जुळवायचे होते.

यातले दोन शब्द नीट बघा. एक, ‘विचारविनिमय’. ‘संमती’ असं लिहिलेलं नाही. साहेब येतील, आमचं ऐकतील, वहीत लिहून घेतील, आणि मग मनाला येईल तेच करतील. म्हणून आपली मागणी संमतीची राहणार आहे. दुसरा शब्द, ‘किंवा’. ग्रामसभा किंवा पंचायत. नारिताच्या निवडून आलेल्या सभांचं काय झालं ते आत्ताच सांगितलं. पाच-सात सभासदांना वाकवणं सोपं असतं, सगळ्या पाड्याला वाकवणं सोपं नसतं. म्हणून आपण म्हणायचं, विचारायचं तर ग्रामसभेला विचारा.

आता कामाच्या गोष्टी.

एक. मोजणीची माणसं आली की त्यांना शांतपणे लेखी हुकूम मागायचा. नोटीस आली तर ती कुणाच्या पेटीत ठेवायची नाही. तिची नक्कल करून संघटनेकडं आणि एक पाड्यात ठेवायची.

दोन. पाड्यानं ग्रामसभा बोलवायची. बाया हजर नसतील तर ती ग्रामसभा धरायची नाही. ठराव वाचून दाखवायचा, सह्या-अंगठे घ्यायचे, एक प्रत कचेरीत देऊन पोचपावती घ्यायची.

तीन. कुणी एकट्यानं साहेबाला भेटायला जायचं नाही आणि मोबदल्याच्या कागदावर एकट्यानं अंगठा द्यायचा नाही. सानरिझुकाची गावं पोलिसांच्या काठीनं कमी आणि घराघरानं केलेल्या करारांनी जास्त रिकामी झाली.

चार. मदतीला शहरातले मित्र येतात, त्यांचं स्वागत आहे. पण लढा कसा चालवायचा, कधी बोलायचं, कधी थांबायचं, हे पाड्याच्या बैठकीत ठरेल. आमच्यासारखी बारावी शिकलेली पोरंही ते ठरवणार नाहीत.

पाच. हात उचलायचा नाही. दारू पिऊन मोर्चाला यायचं नाही.

कुणी म्हणेल, जपानचे शेतकरी शिकलेले, त्यांच्याकडं सातबारा, त्यांच्या बाजूनं विद्यार्थी. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं त्यांच्याकडं नव्हती अशी एक गोष्ट आहे. त्यांना निर्णय झाल्यावर कळलं. आपल्याकडं अजून फक्त नोटिसा आल्या आहेत, निर्णय व्हायचा आहे. बोलायची वेळ हीच आहे. लावणी सुरू झाली की कुणाला सवड राहणार नाही, आणि साहेब लोकांना तेही माहीत असतं.

म्हणून ज्या पाड्यांत नोटिसा आल्या आहेत त्यांनी पाऊस लागायच्या आत ग्रामसभा घ्यावी. तारीख ठरली की निरोप पाठवा, आम्ही येऊ. ज्या पाड्यांत नोटीस आलेली नाही, त्यांनीही दोन-दोन माणसं पाठवावीत.

जोहार. जिंदाबाद.