हयातीचा दाखला



विनोदावर बोलायला साहित्यिकांना बोलावण्याची रीत आहे. आम्ही साहित्यिक नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारावरच्या नोटिसा वाचता वाचता झाले. तेव्हा आमच्यापाशी विनोद आहे तो सरकारी कचेरीतला. तो कोणा लेखकाने रचलेला नाही. जावक क्रमांक टाकून, सहीशिक्क्यानिशी बाहेर पडलेला आहे.

उत्तर प्रदेशात आझमगड जिल्ह्यात लाल बिहारी नावाचा शेतकरी आहे. तो कर्ज काढायला गेला, तेव्हा त्याला समजले की आपण मेलो आहोत. जमिनीच्या लोभाने नातलगांनी महसूल दप्तरात त्याच्या नावापुढे 'मृत' असे लिहवून घेतले होते. हे १९७५ च्या सुमारचे. पुन्हा जिवंत व्हायला त्याला १९९४ साल उजाडले!

मधल्या काळात त्याने काय केले नाही? आपल्या नावापुढे 'मृतक' अशी पदवी लावली. बायकोसाठी विधवेचे पेन्शन मागितले. अटक तरी व्हावी, म्हणजे आरोपी म्हणून का होईना कागदावर जिवंत होऊ, अशीही खटपट केली. १९८९ साली अमेठीत खुद्द राजीव गांधींच्या विरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. सरकार आता कोणत्या पेचात सापडले पाहा. विधवेचे पेन्शन द्यावे, तर नवरा समोर उभा. नाकारावे, तर तो जिवंत आहे हे मान्य होते!

आपण हसलात, ठीक झाले. पण या विनोदाचा धनी वर्षानुवर्षे जमिनीवाचून राहिला, हे हसताना विसरू नये.

असे का होते? कारकुनाला शिव्या देणे सोपे आहे. पण कारकूनही आमच्यासारखा नोकरच. वहीतली नोंद खोटी म्हणायला त्याला वरच्याची सही लागते, वरच्याला त्याच्याही वरच्याची. जिवंताला मृत ठरवले तर ओरडतो तो एकटा गरीब; मृताला जिवंत ठरवले तर ऑडिटचा आक्षेप येतो. नोकरी सांभाळणारा माणूस यातला कोणता धोका पत्करील, हे सांगायला नको.

हा प्रकार लांबचा आहे असे समजू नका. पेन्शन चालू राहण्यासाठी म्हाताऱ्या कामगाराला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ च्या नोव्हेंबरात त्यासाठी 'जीवन प्रमाण' ही यंत्रावरची सोय निघाली. हेतू चांगला. पण तीस वर्षे लोखंड घासलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? ज्या श्रमाबद्दल पेन्शन, त्याच श्रमाने अंगठा पुसलेला. आणि यंत्र म्हणते, ओळख पटत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ साली आली. याच २०१४ साली भविष्य निर्वाह निधीखालील किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरले होते. हजार रुपये म्हणजे किती, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. पण ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्याचे औषध त्या हजारावर चालते.

म्हणून कागदच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. हजेरीपटावर नाव नसलेल्या मजुराचे हाल आम्ही पाहिले आहेत. त्याला अपघात झाला की मालक म्हणतो, "हा आमचा माणूसच नव्हे." तेव्हा तोच कागद गरिबाचा आधार असतो. आमचे म्हणणे इतकेच की, कागद माणसाची साक्ष देण्यासाठी आहे. माणसाला खोटे पाडण्यासाठी नव्हे. माणूस समोर उभा असेल, तर दुरुस्ती कागदात व्हावी, तीही ठरल्या मुदतीत, आणि मुदत टळली तर जाब देणारा अधिकारी नेमलेला असावा. हयातीची शंका आली तर आधी माणसाच्या घरी जावे, मग पेन्शन थांबवावे.

लाल बिहारीचे खरे मोठेपण पुढेच आहे. आपल्यासारखे आणखी मृत आहेत हे पाहून त्याने त्यांची संघटना बांधली. तिचे नाव मृतक संघ! आमचा जन्म युनियन बांधण्यात गेला, पण मेलेल्यांची युनियन निघू शकते हे आम्हाला त्याने शिकवले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाबद्दल इग नोबेल नावाचे पारितोषिक देतात. त्यातले शांततेचे पारितोषिक २००३ साली त्याला मिळाले.

एकट्याने मारलेल्या हाका कचेरीच्या भिंतीत जिरतात. दहा जण मिळून हसू लागले की साहेबाला खिडकी उघडून पाहावेच लागते. आपल्या गल्लीत कोणाचे पेन्शन अडले असेल, तर त्याला एकट्याला पाठवू नका. बरोबर चार जण जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.