बटण हललं, बोटं नाहीत

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर केलेले भाषण)



बाप्पा चौदा विद्यांचा आणि चौसष्ट कलांचा अधिपती. पण संगणक नावाची पासष्टावी कला दर काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची तक्रार आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अनेकांना इच्छा नसताना विंडोज ११ वर यावं लागलं. इतकी वर्षं हिशेब, पत्रव्यवहार, बँकेची कामं स्वतः करणारी माणसं नातवंडांना हाका मारू लागली. मग म्हणू लागली, "आता आपलं वय झालं!" मला आज एवढंच सांगायचं आहे, की दोष वयाचा नाही.

मिसळणाचा डबा डोळे मिटूनही हाताला लागतो. तो कोणी दुसऱ्या फळीवर ठेवला, तर सुगरणीचाही हात अडखळतो. म्हणून तिला स्वयंपाक येत नाही, असं कोणी म्हणतं का?

'स्टार्ट' बटण १९९५ साली विंडोज ९५ बरोबर डाव्या कोपऱ्यात आलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते पडद्यावरून काढलं गेलं. जगभर ओरड झाली. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर बटण परत आलं, २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या वळणाची यादीही आली. २०२१ च्या विंडोज ११ ने ते बटण मधोमध नेलं. म्हणजे वैतागणारे आपण एकटे नाही, आणि वैताग निष्कारणही नाही.

आता उपाय. खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी राइट क्लिक करा, 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये जा आणि 'अलाइनमेंट' 'लेफ्ट' करा. बटण जुन्या जागी येईल. राइट क्लिकची यादी अपुरी वाटली, तर शिफ्ट दाबून तीच क्लिक करा. जुनी यादी पुढ्यात येईल. एखादा प्रोग्रॅम सापडत नसेल, तर विंडोजची कळ दाबून त्याचं नाव टाइप करायला लागा.

खरी मेख पुढे आहे. पडद्यावरची चित्रं बदलतात, पण कळा फारशा बदलत नाहीत. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड, आल्ट-टॅब हे विंडोज ९५ मध्येही होतं, आजही आहे. ज्यानं हात कळांवर बसवला, त्याला नवी आवृत्ती कमी छळते.

आपल्या भाषेचंच उदाहरण घ्या. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली इनस्क्रिप्ट कळपट ठरवला. तो आजच्या विंडोजमध्येही चालतो. आपण परमुलखात राहतो म्हणून आणखी एक गंमत सांगतो. मराठीत 'क' ज्या कळेवर आहे, त्याच कळेवर कानडी आणि बंगाली 'क'ही आहे. त्यामुळे ऑफिसातले बंगाली किंवा कानडी सहकारी इनस्क्रिप्ट वापरत असतील, तर ते आपल्याला आणि आपण त्यांना शिकवू शकतो. माणसाच्या सवयीचा मान राखून केलेली रचना अशी टिकते.

शेवटी तरुण मित्रांना हात जोडून विनंती. आजोबा, काकू अडल्या, तर त्यांच्या हातातला माऊस ओढून घेऊ नका. तुम्ही चार क्लिकमध्ये काम उरकता, पण त्यांच्या हाताला काहीच कळत नाही आणि पुढच्या वेळी ते संगणकच उघडत नाहीत. आपले पैसे, आपली पत्रं स्वतः सांभाळणारा माणूस असा हळूहळू परावलंबी होतो. शेजारी बसा, तोंडानं सांगा, क्लिक त्यांना करू द्या. दहा मिनिटं जास्त लागतील. बाप्पापुढे आरतीला आपण त्याहून अधिक वेळ उभे राहतोच.

आणि ज्येष्ठांनो, एका कागदावर चार कळा मोठ्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवा. पंधरा दिवसांत कागदाची गरज उरणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!