घोडा की घोडी?



दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. तिथं ‘घोडा घ्यायचाय’ एवढं म्हणून भागत नाही. लगेच उलट प्रश्न येतात. घोडा की घोडी? आंडील चालेल की खच्ची हवा? दाती किती? घोडी असेल तर गाभण आहे का? या प्रश्नांच्या उत्तरांवरच किंमत ठरते, म्हणून हे शब्द नीट माहीत असायला हवेत.

घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू देते. वासरू, कोकरू, करडू यांच्यासारखंच मराठीनं शिंगरूही नपुंसकलिंगी ठेवलं आहे. ते थोडं मोठं झालं की नर तो बछेरा आणि मादी ती बछेरी.

पुढचं वय तोंडात वाचायचं. जाणता माणूस घोड्याच्या मानेशी उभा राहतो, एका हातानं मोरखी धरतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ हलकेच उलटा करतो. दुधाचे दात लहान, पांढरेशुभ्र. पक्के दात रुंद आणि पिवळसर. अडीच वर्षांच्या सुमारास पुढची मधली जोडी बदलते, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. म्हणून दोन दाती, चार दाती, आणि पाचव्या वर्षी जुळलेला. याच सुमारास नराला सुळे फुटतात. घोडीला ते बहुधा येतच नाहीत, आले तरी अगदी बारीक. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या नराचे दात 40 भरतात आणि घोडीचे बहुतेक वेळा 36.

खच्ची, म्हणजे अंड काढलेला, घोडा शांत होतो, दुसऱ्या घोड्यांबरोबर नांदतो, माजावरची घोडी जवळून गेली तरी कामात राहतो. ‘मनोधैर्य खच्ची होणं’ या वापरामुळे शब्दाला हिणकस वास लागला आहे, पण घोड्याच्या बाबतीत तो अन्यायच. नवख्या स्वारानं खच्ची घोडाच घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन. आंडील, म्हणजे खच्ची न केलेला, घोडा हा अनुभवी हाताचाच.

शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे तिथं सगळ्यांचं वय 1 जानेवारीला एकदम एका वर्षानं वाढतं. चार वर्षांपर्यंत नर तो कोल्ट आणि मादी ती फिली. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी अशाच चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटरची. 1943 साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाची फिली जिंकली. तेव्हा ‘घोड्यानं डर्बी जिंकली’ असं लिहिण्याआधी बातमीदारांनी एकदा खात्री करून घ्यावी.

पैदाशीच्या फार्मवर आणखी एक घोडा असतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्याला टीझर म्हणतात. फळीच्या आडून त्याला घोडीजवळ आणतात. घोडीनं कान मागे टाकले, लाथ उगारली, तर ती तयार नाही. शेपटी बाजूला घेऊन शांत उभी राहिली, तर माजावर आहे. एवढं कळलं की टीझरला परत नेतात आणि नामवंत नराला पुढे आणतात, कारण किमती घोड्याला लाथ बसू द्यायची नसते. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे हे काम टळत नाही.

असा नामवंत नर एका हंगामात शंभरावर घोड्या फळवू शकतो. घोडी मात्र वर्षाला एकच शिंगरू देते. म्हणूनच शर्यतीच्या जगात सावत्र भावंडं म्हणायची ती फक्त एका आईची. बाप एक आणि आया वेगळ्या असतील, तर ते नातं धरतच नाहीत. मला हा नियम फार रास्त वाटतो. शिंगरू अकरा महिने आईच्या पोटात असतं, पुढचे पाच-सहा महिने तिचंच दूध पितं आणि माणसाला भ्यायचं की नाही हेही तिच्याकडे पाहूनच शिकतं. शिंगरू विकत घेताना बापाची कीर्ती विक्रेता आपणहून सांगेलच. तुम्ही त्याची आई पाहायला मागा, तिच्या पायांवरून हात फिरवा आणि याआधीची तिची शिंगरं कुठं आहेत, कशी निघाली, ते विचारा.