खिडकीची नोंद



वस्त्यावस्त्यांतल्या दवाखान्यांमधून आपण इथे जमलो आहोत. औषधोपचारांची चर्चा पुढच्या दोन दिवसांत होईलच. मला आज एका खिडकीविषयी बोलायचं आहे.

मुंबईच्या पूर्व उपनगरात, पुनर्वसनाच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई माझ्याकडे क्षयाच्या उपचारांसाठी येत. एकही गोळी न चुकवता त्यांनी कोर्स पुरा केला, बऱ्या झाल्या. वर्षभराने परत आल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी खोकत होती. त्यांच्या घरी मी गेले ती तेव्हा. आधी जायला हवं होतं, ही खंत आजही आहे. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट जळत होती. 225 चौरस फुटांत सहा माणसं. खिडकी होती, पण बंद. उघडली की समोरच्या इमारतीची भिंत आणि खालच्या बोळात साचलेल्या कचऱ्याचा वास. ‘उघडून काय येणार आहे आत, डॉक्टर?’ बाईंनी विचारलं.

हे एका घरापुरतं असतं तर इथे सांगितलं नसतं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत घरोघरी पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2018 साली समोर आले. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. आणि जवळच्याच, जरा मोकळ्या बांधलेल्या वसाहतीच्या तुलनेत कित्येक पटींनी जास्त क्षय. इथे राहायला आणलेली बरीच माणसं रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांनी उठवलेली. झोपडी गेली, पक्कं घर मिळालं, कागदोपत्री त्यांचं भलं झालं. पण पत्र्याच्या फटींतून येणारी हवा आणि दाराबाहेरचं ऊन झोपडीबरोबरच गेलं, त्याची भरपाई कुठल्या हिशेबात धरलेली नव्हती. चौरस फूट मोजले गेले, वारा कुणी मोजला नाही.

हे ज्ञान नवीन असतं तर चूक समजण्यासारखी होती. पण 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं, तेव्हापासून हे शहर घर आणि आजार यांची गाठ ओळखून आहे. त्या काळात अंधाऱ्या, कोंदट घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं रंगवत. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने घरं पाडली फार आणि उठवलेल्या गरिबांसाठी बांधली थोडी, त्यामुळे माणसं शेजारच्या खोल्यांत आणखी दाटीने कोंबली गेली. तो दोष पदरात घालूनही ट्रस्टची एक गोष्ट मी आवर्जून सांगते. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खोलीत उजेड पोचायचा तर समोरच्या इमारतीचा माथा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणाऱ्या रेषेच्या वर जाता कामा नये, म्हणजेच दोन इमारतींमध्ये उंचीच्या निदान निम्मं अंतर हवं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांमधला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. वीस मीटर उंचीच्या इमारतीपुढे दहा मीटर मोकळी जागा, हा त्यांचा हिशेब. परकीय सरकारच्या नोकराला जे कळत होतं, ते शंभर वर्षांनी आपण आपल्याच माणसांसाठी तीन मीटरवर आणलं. याचा मला राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

आपल्यापैकीही काही जण अजून म्हणतात, झोपडपट्टीतल्या लोकांना स्वच्छतेच्या सवयीच नाहीत, म्हणून ते आजारी पडतात. 2020 च्या जुलैत मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के लोकांना कोरोनाचा संसर्ग होऊन गेला होता, झोपडपट्टीबाहेर 16 टक्क्यांना. एका संडासाला कित्येक कुटुंबं असताना अंतर कसं राखायचं होतं त्यांनी?

पोटाचाही विचार करा. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा जादा धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यं दिली. 2023 मध्ये निष्कर्ष आले: घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं, संसर्गजन्य क्षयाचं 48 टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळ! आपल्याकडे रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी आता महिन्याला हजार रुपये येतात. ते रुग्णाचे, त्याच ताटात जेवणाऱ्या पोरांचं काय? त्या बंद खिडकीच्या घरातल्या बाईंना मी हे विचारलं नाही. त्या धुण्याभांड्याची चार कामं करतात. त्यांच्या आजारपणात त्यातली दोन सुटली, आणि दूध बंद झालं हे त्यांनी आपणहून सांगितलं होतं.

आज दुपारच्या सत्रात एक ठराव मी स्वतः मांडणार आहे. पुनर्वसनाच्या कुठल्याही इमारतीच्या नकाशाला मंजुरी मिळण्यापूर्वी महापालिकेच्या आरोग्य खात्याने तळमजल्याच्या खोलीतला उजेड आणि हवा तपासून लेखी अभिप्राय द्यावा, आणि तो प्रतिकूल असेल तर मंजुरी थांबावी. बिल्डर विरोध करतील, ‘घरांची संख्या घटेल’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे, तुमची साथ हवी.

ठराव सरकारदरबारी पोचेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. क्षयरुग्णाच्या केसपेपरवर वजन आणि थुंकीच्या तपासणीखाली घराच्या दोन ओळी लिहा, आणि त्या घरी जाऊन लिहा. त्या मुलीच्या केसपेपरवर मी लिहिलं आहे: दुसरा मजला, माणसं सहा, खिडकी एक, समोर भिंत, दुपारी बारालाही दिवा.