साध्या माणसाच्या हातातलं हत्यार
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल.’ मी सॉफ्टवेअरवर बोलायला लागले तर अर्धा वर्ग चहाला उठेल आणि उरलेला अर्धा त्याच नोकरीत असल्यामुळे त्याच्याही आधी उठेल. म्हणून मी माझ्या हौसेबद्दल बोलणार आहे. मी विज्ञानकथा लिहिते. सध्या एका कथेत एका हत्यारापाशी माझं घोडं अडलंय.

कथा एका लघुग्रहावरच्या खाणीत घडते. तिथले कामगार आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांसारखे आहेत. उचल घेऊन आलेले, मुकादमाच्या हाताखालचे, हंगाम संपेपर्यंत परतीची वाट नसलेले. त्यांच्यावर हल्ला होतो आणि त्यांना वस्ती राखायची असते. वस्तीची भिंत पातळ, पलीकडे पोकळी. एक गोळी भिंतीतून गेली की मारणारा आणि मरणारा दोघंही संपले. म्हणजे हातघाईवर येणं आलं. आता कधीही न लढलेल्या या बायाबापड्यांना विजेवर चालणारं हत्यार द्यायचं, तर ते कसं असावं?

कुणाला हा पोरखेळ वाटेल. त्यांनी १५ जून २०२० ची रात्र आठवावी. गलवान खोऱ्यात, अणुबाँब बाळगणाऱ्या दोन देशांचे सैनिक गज, दगड आणि खिळे ठोकलेले दांडके घेऊन भिडले आणि आपले २० जवान गेले. १९९६ च्या करारानं प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायला मनाई आहे. माझ्या कथेतल्या पातळ भिंतीचं काम तिथे एका कागदानं केलं. पुढच्या वर्षी नोएडाच्या एका कंपनीनं विजेचा झटका देणारी हत्यारं दाखवली, त्यांना त्रिशूळ आणि वज्र अशी नावं दिली. बातमी वाचली तेव्हा माझ्यातली इंजिनिअर लगेच शंका काढायला लागली. त्या थंडीत लिथियमची बॅटरी मान टाकते. शिवाय झटका लागायचा तर दोन टोकं अंगाला भिडायला हवीत, आणि समोरचा तर जाडजूड कोट घालून उभा!

विज्ञानकथांमध्ये हत्यारं बहुधा नायकाची असतात. लखलखणारी तलवार, ती चालवणारा जन्मभर तालीम केलेला. आपल्याकडे तसा मान दांडपट्ट्याचा आहे. कोपरापर्यंत लोखंडी मूठ, पुढे लांब पातं, मनगट पूर्ण बांधलेलं. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्यशस्त्र केलं. मर्दानी खेळात तो फिरवताना पाहिला असेल, तर नवख्या माणसाच्या हातात तो काय करील याची कल्पना तुम्हाला येईलच. आधी शेजारच्याचा कान जाईल.

साध्या माणसाचं हत्यार म्हणजे गोफण. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभ्या असलेल्या पोराला गोफण शिकवावी लागत नाही. पाखरं हाकताना त्याचा हात तयार झालेला असतो. कुऱ्हाड तशीच, कोयता तसाच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. त्या जोडीतल्या बाईच्या मनगटात हजारो वेळा तोच झटका मुरलेला असतो. तेव्हा माझं पहिलं ठरलं, हत्यार कामाच्या हालचालीतूनच काढायचं आणि मूठ बाईच्या पंजात बसेल एवढीच जाड ठेवायची. सैन्याच्या वस्तू पुरुषांच्या मापाच्या असतात; माझ्या खाणीत निम्म्या बायका आहेत.

इंग्लंडात १३६३ मध्ये राजानं फर्मान काढलं, सुटीच्या दिवशी पुरुषांनी धनुष्याचा सराव करावा. कारण लांब धनुष्य ओढणारा माणूस घडायला वर्षं लागत. क्रॉसबो मात्र खटक्यावर चालायची. ताण यंत्रात साठवलेला, नेम धरून खटका दाबायचा, एवढंच. म्हणजे ते त्या काळातलं ‘पॉवर’चं हत्यार. ११३९ मध्ये रोममधल्या धर्मपरिषदेनं ख्रिश्चनांवर ती चालवायला बंदी घातली. धर्माची कारणं काय असतील ती असोत, पण घोड्यावरच्या चिलखती सरदाराला थोड्या दिवसांत शिकलेला पायदळी माणूस लोळवू शकतो, ही गोष्ट सरदारांना रुचली असेल असं मला काही वाटत नाही.

आता विजेकडे येते. सामंत वर्गाला, म्हणजे मागच्या बाकावरच्या सर्वांना, एक हिशेब. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत सुमारे ७०,००० ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटर वेगानं येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२०. म्हणजे खिशात साडेपाचशेहून जास्त चेंडू! ऊर्जा कमी पडत नाही. अडचण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची आहे, जो आपण घोकून पाठ केला होता. हत्यार जेवढं ढकलेल तेवढंच ते हाताला मागे ढकलणार. खाणीत गुरुत्वाकर्षण जवळजवळ नाहीच. तिथे जोरात घाव घातला तर घालणाराच गरगरत जाईल.

चार इंची ग्रायंडर घ्या. चाक मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतं, म्हणजे कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर. चाक लोखंडात अडकलं की सगळा झटका धरणाऱ्याच्या मनगटात येतो. आणि आपल्या विज्ञानकथांत करवती तलवारी कशा सहज फिरतात बघा! अशी तलवार हाती आलेल्या पहिल्याच तुकडीला मलमपट्टीवाला आधी लागेल.

पण मला खरं शिकवलं ते यंत्रमागानं. इथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी माग होते! हातमागावर धोटा विणकराच्याच जोरानं धावतो. चुकला तर सूत तुटतं, फार तर पट्टी बिघडते. मागाला वीज जोडली की तोच धोटा मागातून सुटून गोळीसारखा जातो, आणि लागतो तो बहुतेक वेळा शेजारच्या मागावरच्याला. सोलापूरच्या चादरीचं कौतुक जगानं केलं, पण धोट्याच्या आड लावलेल्या जाळीचं कौतुक कुणी केल्याचं मी ऐकलं नाही. हाताची चूक हातापाशी थांबते. वीज जोडली की ती दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचते. आणि माझे कामगार तर अरुंद बोगद्यात खांद्याला खांदा लावून उभे आहेत!

तेव्हा हत्यार असं ठरलं. कामाची पहार असते तेवढी लांब काठी. टोकाला दट्ट्या, आत स्प्रिंग. मोटर स्प्रिंग ताणते आणि टोक समोरच्यावर टेकवून दाबल्याशिवाय ती सुटत नाही. सुतारांकडची खिळे मारायची बंदूक याच बेतानं चालते, टेकवल्याशिवाय खिळा सुटू नये म्हणून. फिरणारं काही नाही, फेकलं जाणारं काही नाही. पायाला जमिनीवरचा आकडा, म्हणजे उलटा धक्का खाणीनं घ्यायचा. मनगटाला दोरी, मराठ्यांच्या विट्याला असायची तशी, हातून निसटलं तर परत ओढता यावं म्हणून. बॅटरी काठीत ठेवली तर टोक जड होतं, म्हणून ती कमरेला. हे मी गड्ड्यातून उचललं. संक्रांतीला बाराबंदी घातलेली माणसं नंदीध्वज पेलतात, ती मनगटाच्या जोरावर नाही. भार कमरेच्या पट्ट्यावर असतो, हात फक्त तोल सांभाळतात. आणि हे पेलणारे कुणी पैलवानच असतात असं नाही. वर्षभर दुकान, कारखाना, शेती बघणारीच माणसं.

शेवटची अट भारनियमन भोगलेल्या सोलापूरकराची. वीज गेली तर स्प्रिंग हातानं ताणता आली पाहिजे. तीही मोडली तर काठी तरी राहिली पाहिजे.

इथवर सगळं जमलं. मग नवऱ्यानं कच्चा खर्डा वाचून विचारलं, ‘याचं बटण कुणाकडे?’ आणि तिथे मी अडले. कारण आजच्या काळात असं कुठलंही यंत्र बनवलं की त्यात माझ्यासारखं कुणीतरी सॉफ्टवेअर घालणार. हत्यार कोणी केव्हा चालवलं याची नोंद, आणि परवानगी सर्व्हरवरून. कारण ऐकायला चांगलं असतं, चुकीच्या हातात पडू नये. पण खाणीत चुकीचे हात कुणाचे, हे कंपनी ठरवणार आणि कळ मुकादमाच्या खोलीतून दाबली जाणार. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना स्वतः पैसे मोजून घेतलेला ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायच्या हक्कासाठी भांडावं लागलं, कारण कुलूप लोखंडात नव्हतं, प्रोग्रॅममध्ये होतं. असलं कुलूप लिहायला अवघड नाही. एका दुपारचं काम आहे. कोयत्याला ते लावता येत नाही, म्हणून कोयता धरणारीकडे निदान कोयता तरी आहे.

कुलूप नकोच म्हटलं तर वस्तीत उद्या दारूच्या भांडणात हेच दट्टे निघतील, तेही मला दिसतं. त्यावर माझा आत्ताचा तोडगा असा, की ताणलेली स्प्रिंग सोडायला जोडीदाराच्या पट्ट्यावरची कळही दाबलेली हवी. एक कोयता, दोन माणसं. परवानगी लागेल ती शेजारी उभ्या असलेल्याची, खोलीत बसलेल्याची नाही. जोडीदार जखमी झाला तर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी कळ तिसऱ्याला देता येते, पण ते लढाईच्या मध्ये पाच सेकंदांत जमलं पाहिजे, आणि माझ्या आराखड्यात अजून त्याला वीस लागतात. इथे कुणी एम्बेडेड सिस्टिममधलं असेल तर जेवताना माझ्या शेजारी बसा. शेंगाचटणी माझ्याकडून.