ताप नाही म्हणून गाफील राहू नका
नालासोपाऱ्यात पाऊस लागला की खिडक्या बंद, भिंतींना ओल आणि एका खोलीत सगळं घर. तुमचा खोकला चार दिवसांत जातो, दादीचा छातीत उतरतो. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, नव्या टी-पेशी कमी बनतात. कफ वर ढकलायची ताकदही घटते.

खरी फसगत पुढे आहे. म्हातारपणी न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. कालपर्यंत बरी असलेली दादी अचानक जेवत नाही, नमाजच्या रकाती विसरते. आपण म्हणतो, वय झालं! तेव्हा तिचे श्वास मोजा. निवांत असताना मिनिटाला 12 ते 20 ठीक. त्याहून बरेच जास्त असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि फ्लूची लस फक्त हजला जाणाऱ्यांसाठी नसते. घरातल्या दादीसाठीही विचारा.